हवी तेवढी हवा

वार्षिकांकासाठी आमच्याकडून दरसाल एखाद्या कवीवर किंवा जुन्या पत्रव्यवहारावर लेख मागितला जातो आणि आम्हीही तो इमानेइतबारे लिहून देतो. यंदा मात्र पत्र्याच्या एका पेटीवर लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. आमचे यंत्रज्ञान वर्गातील पंख्याचे बटण दाबण्यापलीकडे कधी गेले नव्हते. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे.

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात एका आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धेसाठी आम्ही पाच मुलांना घेऊन एका नव्या, वातानुकूलित सभागृहात गेलो होतो. बाहेर मुसळधार पाऊस, आत खचाखच गर्दी. आम्हांला जागा मिळाली ती शेवटून दुसऱ्या ओळीत. पहिला अर्धा तास बरा गेला. नंतर आमच्या ओळीत जांभया सुरू झाल्या, कोणी रुमालाने मान पुसू लागले, कोणाची मान कलंडली. पुढच्या ओळींतील पाहुणेमंडळी मात्र अंगाभोवती पदर आणि शाली आवळून बसली होती. दुसऱ्या तासाच्या अखेरीस आमच्या नववीतील एका मुलीचे नाव पुकारले गेले. तिने तीन आठवडे खपून भाषण बसविले होते. ती कपाळ दाबीत उठली, व्यासपीठावर गेली आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडखळून उभी राहिली. परतीच्या बसमध्ये आम्ही तिला सर्वांसमक्ष बोललो. पाठांतर कच्चे राहिले, शाळेचे नाव गेले, असे बरेच काही बोललो. तिने उत्तर दिले नाही. ओल्या काचेला कपाळ टेकून ती घरापर्यंत बसून राहिली.

त्यानंतर महिन्याभराने, चवथीच्या दिवसांत, आमचा एक माजी विद्यार्थी भेटीस आला. आय.टी.आय.मधून वातानुकूलनाचा अभ्यासक्रम पुरा करून तो मोठ्या इमारतींतील हवेच्या यंत्रणा बसविण्याचे काम करतो. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, त्या सभागृहाचे काम दुरुस्तीला आमच्याकडे आले आहे. पुढे बसणाऱ्यांना तिथे हुडहुडी भरते आणि मागच्यांचा जीव गुदमरतो." आमच्या हातातील नेवरी हातातच राहिली. पुढल्या रविवारी आम्ही त्याच्याबरोबर गेलो. त्या दिवशी आणि नंतरच्या दोन खेपांत जे पाहिले व समजून घेतले, ते पुढे मांडीत आहोत.

प्रथम एक भेद ध्यानात ठेवावा. बंद इमारतीत बसलेल्या माणसाला हवेकडून दोन निरनिराळी कामे करून हवी असतात. एक, त्याच्या अंगातून निघणारी उष्णता वाहून नेणे; दुसरे, त्याचा उच्छ्वास वाहून नेणे. घरी आम्ही कोकणीत पहिल्या त्रासाला 'उकडटा' म्हणतो आणि दुसऱ्याला 'जीव उस्मडटा'. आमच्या आईला हा भेद शाळेत न जाता ठाऊक होता. सभागृह बांधणाऱ्यांना मात्र तो विसरावासा वाटला असावा.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे. स्वस्थ बसलेला मनुष्य भोवतालच्या हवेत सुमारे ७० वॉट उष्णता सोडतो. घामाच्या वाफेबरोबर जाते ती निराळी. म्हणजे २०० श्रोते बसले की १४,००० वॉट झाले, जणू १,००० वॉटच्या चौदा शेगड्या सभागृहात पेटवून ठेवल्या. आता एक घनमीटर हवेचे तापमान एक अंशाने वाढण्यास सुमारे १.२ किलोज्यूल उष्णता लागते. यंत्रणेतून हवा १३ अंशांवर सोडली आणि सभागृह २४ अंशांवर राखायचे ठरविले, तर मधल्या ११ अंशांत प्रत्येक घनमीटर हवा १३.२ किलोज्यूल उष्णता उचलील. चौदाला १३.२ ने भागा. केवळ श्रोत्यांसाठी दर सेकंदाला एक घनमीटरहून किंचित अधिक थंड हवा सोडावी लागेल. दिव्यांची, छपराची व भिंतींची उष्णता यात धरलेली नाही.

आता मध्यंतरानंतर निम्मे श्रोते घरी गेले असे समजा. उष्णता निम्मी झाली. हवा पूर्वीइतकीच सोडीत राहिलो, तर उरलेले शंभरजण कुडकुडतील. यावर जुन्या मोठ्या इमारतींत एक उपाय करीत असत, तो ऐकून तुम्हांला हसू येईल: आधी सगळी हवा थंड करायची आणि मग ज्या खोलीला तेवढी थंडी नको तिच्या तोंडाशी तीच हवा पुन्हा तापवायची! बैलांना चाबूकही ओढायचा आणि चाकाला खोडाही घालायचा, अशातला हा प्रकार. १९७३ साली जगात खनिज तेलाची टंचाई होऊन इंधनाचे भाव कडाडले, तेव्हा ही उधळपट्टी कोणालाच परवडेना आणि दुसरी पद्धती झपाट्याने पुढे आली. हवेचे तापमान तेच ठेवायचे, तिचे प्रमाण मात्र खोलीच्या गरजेप्रमाणे कमीअधिक करायचे, ही ती पद्धती. हिला 'व्हेरिएबल एअर व्हॉल्यूम' म्हणतात; कारागीर मंडळी नुसते 'व्हीएव्ही' म्हणून मोकळी होतात.

ज्यांनी आपल्याकडचे कुळागर पाहिले आहे त्यांना ही पद्धती समजावून सांगण्याची गरज नाही. वरच्या झऱ्याचे पाणी मोठ्या पाटाने येते, त्याला लहान पाट फुटतात आणि प्रत्येक माडा-पोफळीच्या आळ्यापाशी मातीचा एक बांध असतो. ज्या झाडाला पाणी हवे त्याचा बांध फोडायचा, झाले की पुन्हा मातीचा गोळा लावायचा. आपल्या यंत्रणेत मोठा पाट म्हणजे छताआडून जाणारी पत्र्याची वाहिनी, अर्थात डक्ट. बांध म्हणजे डँपर नावाची झडप. बांधापाशी उभा असलेला कुदळवाला गडी म्हणजे व्हीएव्हीची पेटी.

फॉल्स सीलिंगची एक फळी काढून आमच्या विद्यार्थ्याने ती पेटी दाखविली. दिसायला अगदीच सामान्य. जीआय पत्र्याची, आतून अस्तर लावलेली, चार थ्रेडेड रॉडांवर टांगलेली. एका अंगाने गोल तोंडातून हवा आत येते, दुसऱ्या अंगाने निघून छतातील जाळ्यांकडे जाते. तोंडाशी आत झडप आहे, झडपेचा दांडा बाहेर आला आहे आणि त्या दांड्यावर एक लहानशी मोटार व नियंत्रक बसविला आहे. भिंतीवरचा थर्मोस्टॅट खोलीचे तापमान नियंत्रकाला कळवितो.

थर्मोस्टॅटवरून सांगायचे म्हणजे, खोलीचे तापमान ओळखणारे विजेचे साधन पुढे आणणारा गृहस्थ हा शिक्षक होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर या गावी शिक्षकांच्या अध्यापन विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. त्या थंड प्रदेशात वर्ग ऊबदार ठेवण्यासाठी तळघरात भट्टी असे आणि भट्टी सांभाळणारा शिपाई तापमान पाहण्यासाठी मधूनमधून वर्गात येई. शिकविण्यात व्यत्यय येतो म्हणून जॉन्सन यांनी तळघरात परस्पर सूचना देणारे उपकरण तयार केले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे १८९५ मध्ये प्रत्येक खोलीचे तापमान स्वतंत्रपणे राखणाऱ्या, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेचेही पेटंट त्यांनी मिळविले. चालू तासात सूचनावही घेऊन शिपाई दारात उभा राहिला म्हणजे आम्हांला जॉन्सन यांची हटकून आठवण येते. पण आमच्या हातून अद्याप एकही शोध लागलेला नाही. असो.

आता खरी खुबी. तुम्ही म्हणाल, खोली तापली की झडप उघडायची, थंड झाली की मिटायची. यात अवघड ते काय? अवघड हे, की झडप किती उघडी आहे यावरून हवा किती येते ते कळत नाही. शेजारच्या चार खोल्यांनी आपापल्या झडपा मिटल्या की मुख्य वाहिनीतील दाब वाढतो आणि आपली झडप जागची न हलताही तिच्यातून अधिक हवा घुसते. कुळागरात वरच्या आळ्यांचे बांध बंद झाले की खालच्या आळ्यात लोंढा येतो, तसेच हे. झडप केवळ थर्मोस्टॅटच्या हुकमाने चालविली, तर त्या लोंढ्याने खोली गार पडल्यावर थर्मोस्टॅटला जाग येणार, तो झडप मिटणार, तोवर शेजाऱ्यांच्या झडपा उघडणार. अशी हेलकाव्यांची मालिका दिवसभर चालू राहते.

म्हणून चांगल्या पेटीत हुकूम दोन पायऱ्यांनी दिला जातो. थर्मोस्टॅट झडपेला काहीच सांगत नाही. तो नियंत्रकाला एवढेच सांगतो की सध्या इतकी हवा हवी. नियंत्रक पेटीच्या तोंडाशी प्रत्यक्ष येणारी हवा सतत मोजतो आणि मागणी व आवक यांचा मेळ बसेपर्यंत झडप फिरवितो. शेजाऱ्यांनी काही केले तरी तो आपला मेळ पुन्हा जुळवून घेतो, आणि खोलीतल्या माणसाला त्या धावपळीचा पत्ताही लागत नाही.

हवा मोजण्याचे साधन फार जुन्या कल्पनेवर आधारलेले आहे. आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली पॅरिस येथील सेन नदीचा वेग मोजण्यासाठी एक वाकडी नळी वापरली होती. प्रवाहाकडे तोंड केलेल्या नळीत पाणी चढते. प्रवाहाकडे पाठ किंवा कूस केलेल्या नळीत तसे चढत नाही. त्या दोहोंतील फरकावरून वेग काढता येतो. पेटीच्या तोंडाशी तसल्याच सच्छिद्र नळ्यांची एक फुली बसविलेली असते आणि दोन बारीक प्लास्टिकच्या नळ्या तिच्यापासून नियंत्रकापर्यंत जातात. दाबातील हा फरक पास्कल या एककात मोजला, तर तो वेगाच्या वर्गाच्या सुमारे ०.६ पट येतो. सेकंदाला ५ मीटर वेग असेल तर १५ पास्कल, म्हणजे पाण्याची अवघी दीड मिलिमीटर उंची. वेग निम्मा केला की फरक थेट एक चतुर्थांश होतो: ३.७५ पास्कल. इतका क्षीण दाब अचूक ओळखणे उपकरणास जड जाते.

या लहानशा गणितातून एक मोठी व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती आम्हांला फार आवडली. 'मोठी पेटी घेतलेली बरी, पुढेमागे उपयोगी पडेल' असे पुष्कळ मालकांना वाटते. परंतु मोठ्या तोंडातून थोडी हवा जाते तेव्हा तिचा वेग इतका मंदावतो की फुलीला ती नीट जाणवतच नाही. मग नियंत्रक आंधळेपणाने झडप हलवीत राहतो. अंगापेक्षा बोंगा मोठा झाला तर तो पायांत अडकतोच.

बसविण्याच्या कामातही अशीच नजर लागते. वळण घेऊन आलेली हवा वाहिनीच्या एका कडेला रेटली जाते, म्हणून पेटीच्या तोंडाआधी वाहिनीच्या व्यासाच्या काही पट लांबीचा सरळ भाग असला पाहिजे. वळणालाच पेटी चिकटविली तर मोजमाप खोटे येते. वळवता येणारी, सुरकुत्यांची डक्ट जोडली असेल तर ती ताणून बसवावी. ती चेपली किंवा लोंबली की हवा वाटेतच अडते. सांधे सील करावेत. त्या दोन बारीक नळ्या कशाखाली चिमटल्या जाऊ नयेत आणि त्यांची अदलाबदल तर मुळीच होऊ नये. पेटी शेजारच्या पाण्याच्या नळाला किंवा विजेच्या तारांच्या पन्हळीला टांगू नये, स्वतंत्र आधारावर समतल टांगावी. आणि तिच्या नियंत्रकाखाली छताला उघडता येणारी फळी ठेवावी. ही शेवटली गोष्ट क्षुल्लक वाटते. पण जिथे हात पोहोचत नाही तिथली दुरुस्ती कोणीही करीत नाही, हा शाळेच्या पाण्याच्या टाकीपासून सर्वत्र येणारा अनुभव आहे.

सर्वांत अधिक घोळ होतो तो थर्मोस्टॅटच्या जागेचा. ऊन पडते त्या भिंतीवर, जाळीतून येणाऱ्या हवेच्या झोतात, दिव्याजवळ किंवा पडद्याआड तो लावू नये, हे हस्तपुस्तकात लिहिलेले असते. आम्ही गेलो त्या सभागृहात दोन पेट्या होत्या, एक पुढच्या अर्ध्या भागासाठी व दुसरी मागच्या. पुढचा थर्मोस्टॅट रंगमंचाशेजारच्या भिंतीवर होता आणि रंगमंचाच्या दिव्यांची धग त्याच्यावर येई. बिचारा सदा तापलेला. त्यामुळे पुढच्या ओळींवर थंड हवेचा अखंड मारा. मागचा थर्मोस्टॅट तर ध्वनियंत्रणेच्या चिमुकल्या केबिनमध्ये लावलेला होता, आणि त्या केबिनमध्ये स्वतंत्र स्प्लिट एसी होता! यंत्रे गार राहावीत म्हणून तो जोरात चाले. थर्मोस्टॅट आपल्या परीने खरेच सांगत होता: इथे गारवा पुरेसा आहे, हवा नको. त्याच्या सांगण्यावरून पेटीने झडप मिटून घेतली आणि काचेपलीकडे शंभराहून अधिक माणसे आपल्याच उच्छ्वासात बसून राहिली.

परंतु आमच्या विद्यार्थ्याने थर्मोस्टॅट बाहेर आणून, हवा परत जाते त्या जाळीजवळच्या भिंतीवर लावला, तरी मागच्या जाळ्यांतून हवा जेमतेमच येत राहिली. लॅपटॉपच्या पडद्यावर तर झडप १०० टक्के उघडी दिसत होती. आम्ही म्हणालो, "यंत्र सांगते आहे तर उघडीच असणार." तो हसला. "सर, व्याकरणात तुम्ही नुसत्या प्रत्ययावर विश्वास ठेवता का?" असे म्हणून तो शिडीवर चढला. झडपेच्या दांड्याच्या टोकावर एक रेघ कोरलेली असते. ती रेघ झडपेच्या पात्याची खरी दिशा दाखविते. रेघ आडवी असायला हवी होती ती उभीच होती. मोटार दांड्यावर आवळणारा स्क्रू सैल पडला होता. मोटार इमानाने फिरत होती, पाते मात्र जागचे हलत नव्हते, आणि नियंत्रकाने मोटारीला जो हुकूम दिला तोच पडद्यावर प्रत्यक्ष घडल्यासारखा लिहून येत होता. दुपारभर आम्ही वर मान करून उभे होतो. पण ती कोरलेली रेघ पाहिल्याचे समाधान अजून ओसरलेले नाही.

त्यानंतर त्याने जाळीवर एक मोठा कापडी टोप धरून बाहेर येणारी हवा मोजली, तो आकडा नियंत्रकाच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि गुणक दुरुस्त केला. प्रत्येक पेटीला हवेची कमाल आणि किमान अशा दोन मर्यादा घालून द्याव्या लागतात. मागच्या पेटीची किमान मर्यादा कोणीतरी जवळपास शून्यावर आणून ठेवली होती. विजेची बचत व्हावी हा हेतू असावा. हेतू वाईट नव्हे; पण किमान मर्यादेवरच दुसरे काम, म्हणजे उच्छ्वास वाहून नेण्याचे काम, अवलंबून असते.

हे दुसरे काम पहिल्याइतके चटकन ध्यानात येत नाही. म्युनिक येथील माक्स फॉन पेटेनकोफर या शास्त्रज्ञाने १८५८ साली असे सुचविले की राहत्या खोलीच्या हवेत कर्बद्विप्राणिल वायूचे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे, प्रमाण हजारात एक भागाच्या वर जाऊ नये. त्या प्रमाणात तो वायू विषारी असतो असे त्याचे म्हणणे नव्हते. तो वायू साक्षीदार आहे, माणसांच्या शरीरातून निघणारे इतर सर्व काही त्याच्याबरोबर साचत असते, असे त्याचे म्हणणे होते. आजही मोजण्याचे साधन तेच आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य सेकंदाला सुमारे ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला बाहेरची हवा सेकंदाला १० लिटर मिळाली तर खोलीतील प्रमाण बाहेरच्यापेक्षा दहा लाखांत ५०० भागांनी चढेल. ५ लिटर मिळाली तर १,००० भागांनी. बाहेरच्या हवेत आज ते दहा लाखांत ४२० च्या वर आहेच.

आणि इथे व्हीएव्ही पद्धतीचे एक दुखणे आहे, ते सांगितले पाहिजे. वाहिनीतून येणारी हवा सगळी ताजी नसते. बरीचशी इमारतीतूनच परत आलेली, पुन्हा थंड केलेली असते. तिच्यात बाहेरच्या हवेचा काही हिस्सा मिसळलेला असतो. पेट्यांनी हवा कमी मागितली की एकूण प्रवाह घटतो आणि बाहेरून ओढल्या जाणाऱ्या हवेची झडप तेवढीच उघडी राहिली तर ताजी हवाही घटते. शिवाय एकाच वाहिनीवरील रिकाम्या कार्यालयाला आणि भरलेल्या सभागृहाला मिश्रण एकच मिळते. हवा थंड आहे म्हणून ती ताजी आहे असे समजणे ही फसगत होय. यासाठी सभागृहासारख्या जागी कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर बसवितात. माणसे वाढली की त्याच्या सूचनेवरून पेटीची किमान मर्यादा वर सरकते आणि बाहेरच्या हवेची झडपही अधिक उघडते. त्या सभागृहात तो आता बसविला आहे.

पंख्याविषयी थोडक्यात. पेट्या मिटत गेल्या की वाहिनीतील दाब वाढतो हे आपण पाहिलेच. मुख्य वाहिनीत, बहुधा पंख्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, दाब मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्यावरून पंख्याची गती कमीअधिक केली जाते. पाटाची पातळी पाहून झऱ्यावरची फळी सरकविणाऱ्या माणसासारखा तो आहे. कोणत्या आळ्याचा बांध कोणी बंद केला याची त्याला चौकशी करावी लागत नाही. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाप्रमाणे बदलते. गती निम्मी केली की शक्ती एक अष्टमांश, आणि चार पंचमांश केली तरी जेमतेम निम्मी! गणिताच्या तासाला घन कशासाठी शिकायचे असे विचारणाऱ्यांनी हे लिहून ठेवावे. प्रत्यक्षात वाहिनीत काही दाब कायम राखावा लागत असल्यामुळे बचत इतकी पुरी होत नाही, तरी पुष्कळ होते.

आपल्या गोव्यासारख्या दमट प्रदेशात या पद्धतीचा आणखी एक गुण आहे. हवा १३ अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातील बाष्प नळ्यांवर पाणी होऊन निथळते. प्रमाण कमी करूनही हवा तेवढीच थंड ठेवली तर कोरडेपणा टिकतो. प्रमाण तेच ठेवून हवा कमी थंड केली तर खोली गार पण ओलसर होते, आणि पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते. वातानुकूलनाचा आरंभच मुळी दमटपणाच्या भांडणातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात हवेतल्या ओलाव्याने कागद फुगून रंगांवर रंग बसेनात, तेव्हा विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने आपली पहिली योजना आखली.

पुढच्याच आठवड्यात आम्ही त्या मुलीला मधल्या सुट्टीत बोलावून घेतले आणि सभागृहात काय पाहिले ते सांगितले. बसमध्ये बोललो ते चुकीचे होते, हेही सांगितले; आणि बोललो होतो सर्वांसमक्ष, म्हणून तासाला वर्गासमोर पुन्हा सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले आणि मान खाली घालून म्हणाली, "पण सर, दुसरा परिच्छेद माझा खरंच थोडा कच्चा होता." तिचे डोके त्या हवेनेच दुखले असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. परंतु मागच्या तीन ओळींतील सगळीच मुले एकाच दिवशी आळशी झाली होती, हे मानणे त्याहून कठीण आहे.

मग आम्ही दोघांनी मिळून आपल्याच वर्गाचा हिशोब केला. वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, म्हणजे १६८ घनमीटर. मुले ४०. प्रत्येकी ०.००५ लिटर धरले तर सेकंदाला ०.२ लिटर, ३५ मिनिटांच्या तासात ४२० लिटर. खोली अगदी बंद असेल तर एका तासाअखेर दहा लाखांत २,५०० भागांची वाढ! मुले प्रौढांपेक्षा थोडा कमी वायू सोडतात हे खरे, पण अखंड बोलणारा शिक्षक ती तूट भरून काढतो, असे तिचे म्हणणे पडले.

जून महिन्यापासून वर्गाच्या वरच्या झरोक्यांत पावसाची झड येऊ नये म्हणून पुठ्ठे खोचलेले होते. आमच्या कौलारू शाळेत पेटी नाही, नियंत्रक नाही, सेन्सर नाही. त्या दिवशी शेवटच्या तासानंतर ती मुलगी बाकावर चढली, आम्ही बाक धरून ठेवला, आणि वाऱ्याकडच्या बाजूचे दोन सोडून बाकीचे सगळे पुठ्ठे तिने काढून खाली टाकले.